कॅसिओपिया ए: आधी फोटॉनांची यादी, मग चित्र

प्रश्न असा आला आहे: "कॅसिओपिया ए या सुपरनोव्हा अवशेषाची लाल-हिरवी-निळी चित्रं सगळीकडे दिसतात. आमच्या गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीतून त्या जागी काहीच दिसत नाही. मग ते रंग खरे की कुणीतरी भरलेले? क्ष-किरणांत निरीक्षण करणारे लोक नेमकं काय पाहतात? विश्वकिरण अशा अवशेषांत तयार होतात म्हणतात, ते कुणी प्रत्यक्ष पाहिलं आहे का? आणि हा डेटा घरच्या लॅपटॉपवर उघडतो का?"

प्रश्न चार आहेत, पण रंगांचा प्रश्न नीट उलगडला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात. म्हणून तिथेच जरा जास्त रेंगाळतो.

कॅसिओपिया ए शर्मिष्ठा तारकासमूहात आहे, आपल्यापासून सुमारे ११ हजार प्रकाशवर्षं. स्फोटाचा प्रकाश इथे पोचला तो १६७० ते १६८० च्या सुमारास. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे हा तारा फुटलेला दिसायला हवा होता, पण त्याची खात्रीची नोंद कुणाकडेच नाही. वाटेतल्या धुळीने बराचसा दृश्य प्रकाश गिळला. आज त्याचा व्यास आकाशात पाच कलांच्या आसपास भरतो, चंद्रबिंबाच्या साधारण सहाव्या भागाइतका. तुमच्या दुर्बिणीत तो न दिसण्यात तुमचा दोष नाही. धूळ तर आहेच, शिवाय तिथला बहुतेक वायू कोटी-कोटी अंशांवर तापलेला आहे, आणि इतका तापलेला वायू मुख्यतः क्ष-किरणांत उजळतो. हिशेब सोपा आहे: १ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट; फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा मोजायचं एकक) म्हणजे साधारण १ कोटी १६ लाख केल्विन.

हे क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. आणि ते आरशावर सरळ पडले तर परत फिरण्याऐवजी आत घुसतात. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड अगदी तिरका फेकला तरच टप्पे घेतो, तसं त्यांना एखाद-दुसऱ्या अंशाच्या कोनात निसटतं आदळवावं लागतं. त्यामुळे आरसे ताटासारखे नसतात, एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे असतात. जुलै १९९९ मध्ये सोडलेल्या चंद्रा दुर्बिणीत (नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं) अशा आरशांच्या चार जोड्या आहेत आणि अर्ध्या विकलेइतका (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) बारकावा त्या टिपतात. त्याच ऑगस्टमधल्या तिच्या पहिल्याच कॅसिओपियाच्या चित्रात मधोमध एक बारीक ठिपका निघाला. स्फोटानंतर मागे राहिलेला न्यूट्रॉन तारा तो. त्याआधी तो कुणालाच दिसला नव्हता.

आता रंगांकडे. चंद्रा दुर्बिणीवरची सीसीडी (प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती) आणि तुमच्या मोबाइलमधला सेन्सर ही एकाच घराण्यातली मंडळी. फरक असा की दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये जेमतेम एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. तो लाल होता की निळा, हे त्या एका इलेक्ट्रॉनवरून कळायला मार्ग नाही, म्हणून मोबाइलमध्ये रंगीत गाळण्या बसवाव्या लागतात. क्ष-किरणाचा ६ केईव्हीचा एक फोटॉन मात्र सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. इलेक्ट्रॉन मोजले की ऊर्जा कळली. फोटॉन इतके तुरळक येतात की एकेकाची स्वतंत्र नोंद ठेवता येते. ३.२ सेकंदांची एक फ्रेम, त्यात जिथे जिथे काही पडलं त्याची जागा, वेळ आणि ऊर्जा. शेजारच्या खणांत (पिक्सेलांत) भार कसा सांडला यावरून एक श्रेणीही ठरते: फोटॉन एक-दोन खणांत मावतो, विश्वकिरणांतला, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यातला, कण लांबलचक ओरखडा काढून जातो, तो तिथेच बाद.

तेव्हा आमच्या हातात येतं ते चित्र नसतं. ती एक लांबच लांब यादी असते, एका ओळीत एक फोटॉन, वाण्याच्या वहीसारखी. चित्र आम्ही त्या यादीतून मागाहून काढतो: कमी ऊर्जेच्या ओळींना लाल म्हणायचं, मधल्यांना हिरवं, जास्त ऊर्जेच्यांना निळं. रंगांचा क्रम खरा असतो, रंगांची नावं आमची. माझ्या मते दृश्य प्रकाशातल्या पुष्कळ सजवलेल्या फोटोंपेक्षा ही चित्रं जास्त प्रामाणिक असतात, कारण इथे प्रत्येक ठिपक्याची ऊर्जा खरोखर मोजलेली असते.

हे लॅपटॉपवर स्वतः करून बघा. चंद्रा दुर्बिणीच्या संग्रहात ११४ क्रमांकाचं निरीक्षण आहे, जानेवारी २००० मधलं, सुमारे ५० हजार सेकंदांचं, म्हणजे जवळजवळ १४ तास. डेटा फुकट मिळतो, डीएस-९ आणि सीआयएओ ही सॉफ्टवेअरंही फुकट. फाइल उघडली की आधी करड्या रंगाचं मिणमिणतं कडं दिसेल. हिरमुसू नका. त्यावर तीन छोटे चौकोन काढा आणि प्रत्येकातल्या फोटॉनांचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती, याचा आलेख) वेगळा मांडा.

पहिला चौकोन कड्याच्या एखाद्या तेजस्वी गाठीवर. इथे वर्णपटात सुळकेच सुळके दिसतील: १.८६ केईव्हीजवळ सिलिकॉन, २.४६ ला गंधक, ३.१ च्या आसपास आरगॉन, ३.९ ला कॅल्शियम. ताऱ्याच्या पोटात आणि स्फोटाच्या भट्टीत शिजलेला माल. (फार तेजस्वी गाठ मात्र घेऊ नका. एकाच फ्रेममध्ये एकाच खणात दोन फोटॉन पडले तर यंत्र त्यांची बेरीज करून एकच नोंद लिहितं. सिलिकॉनचे दोन मिळून ३.७ चा एक होतो आणि तुम्ही भलत्याच मूलद्रव्याच्या मागे लागता.)

दुसरा चौकोन आग्नेयेकडे, कड्याच्या बाहेरच्या अंगाला. तिथे सिलिकॉन एकदम बसतो आणि १ केईव्हीच्या आसपासचा फुगवटा व ६.६ च्या आसपासचा सुळका वर येतो. हे लोखंड. आणि इथे थांबून विचार करावा असं काहीतरी आहे. लोखंड सगळ्यात आतल्या, सगळ्यात तापलेल्या थरात तयार होतं. सिलिकॉन त्याच्या बाहेर. मग अवशेषात लोखंड सिलिकॉनच्या पलीकडे कसं गेलं? २००० साली या डेटावरून हेच दाखवलं गेलं: या बाजूला थर उलटेपालटे झाले आहेत. स्फोट गोल, नीटस नव्हताच.

तिसरा चौकोन अगदी कडेच्या केसासारख्या बारीक तंतूवर. इथे एकही सुळका नाही. वर्णपट सपाट उताराचा, बोडका. तापलेल्या वायूची ही सही नव्हे. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेले इलेक्ट्रॉन चुंबकक्षेत्रात गिरक्या घेत सोडतात ते हे सिंक्रोट्रॉन किरण. म्हणजे एकाच अवशेषात, हाताच्या बोटाएवढ्या अंतरावरच्या तीन चौकोनांत तीन वेगळ्या गोष्टी घडतायत, आणि नुसतं चित्र पाहून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. आम्ही 'पाहतो' ते हे. चित्र आम्हाला फक्त चौकोन कुठे काढायचे ते सांगतं.

वर्णपट वाचण्यात नवखे लोक दोन ठिकाणी हमखास अडखळतात.

पहिली जागा तापमानाची. एक्सस्पेक या वर्णपट जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये समतोल प्लाझ्माचं (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तापलेल्या वायूचं) मॉडेल हाताशीच असतं, ते लावलं की काहीतरी तापमान निघतं आणि मन खूश होतं. पण तवा तापला म्हणून भाकरी लगेच भाजली असं होत नाही. आघाततरंग (स्फोटाचा धावता धक्का) येऊन गेला की इलेक्ट्रॉन तापतात. त्यांनी आयनांना धडका मारून एकेक इलेक्ट्रॉन उडवायला वेळ लागतो. दर घन सेंटिमीटरला एक इलेक्ट्रॉन एवढी विरळ जागा असेल तर समतोलाला १०चा बारावा घात इतके सेकंद लागतात, म्हणजे तीसेक हजार वर्षं. कॅसिओपियाचं वय जेमतेम साडेतीनशे. म्हणून असमतोलाचं मॉडेल लावायचं, त्यात घनता गुणिले काळ हा आकडा वेगळा मोकळा सोडायचा. गंमत म्हणजे उलटंही घडतं: आयसी ४४३ आणि डब्ल्यू४९बी या अवशेषांत जपानच्या सुझाकू उपग्रहाला २००९ मध्ये असा प्लाझ्मा सापडला की ज्यात इलेक्ट्रॉन थंडावलेत, पण आयन अजून जुन्या उष्णतेच्या ऐटीत आहेत. तवा उतरवलाय, भाकरीतून वाफ निघतेच आहे.

दुसरी जागा पार्श्वभूमीची. माझ्या पहिल्या वर्षातला किस्सा आहे. एका फिकट अवशेषात मला ७.५ केईव्हीजवळ निकेलची सुरेख, टोकदार रेषा सापडली. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी सरांना दाखवली. त्यांनी कागदाकडे पुरतं पाहिलंही नाही, एवढंच विचारलं, "शेजारचं रिकामं आकाश बघितलंस का?" बघितलं. तिथेही निकेल होतं, तेवढंच. रेषा अवशेषाची नव्हतीच. कण आदळल्यावर यंत्राच्या स्वतःच्या धातूतून निघणारी ती चमक होती. सोन्याच्या रेषाही अशाच दिसतात. तेव्हापासून कुणी नवीन रेषा घेऊन आलं की मीही तोच प्रश्न विचारतो, कागद न बघता.

आता क्ष-किरणांची एक मोठी मर्यादा. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, अवशेषाच्या पोटातला जो माल अजून उलट्या, म्हणजे आतल्या मालात शिरणाऱ्या, आघाततरंगाने तापवलेला नाही तो चंद्रा दुर्बिणीला दिसतच नाही. मग आत लोखंड आहे की नाही, कसं सांगणार? यावरची युक्ती मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. स्फोटात लोखंडाच्याच परिसरात टायटॅनियम-४४ तयार होतं. ते किरणोत्सारी असतं, अर्धायुष्य साधारण ६० वर्षं. तापलेलं असो वा गार, ते आपल्या घड्याळाप्रमाणे ६८ आणि ७८ केईव्हीचे फोटॉन सोडत राहतं. साडेतीनशे वर्षांत पन्नासातला एखादाच भाग उरला, पण तेवढा पुरला. २०१२ मध्ये सोडलेल्या न्यूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीने कॅसिओपियाकडे दहा लाखांहून अधिक सेकंद पाहिलं आणि २०१४ मध्ये टायटॅनियमचा नकाशा प्रसिद्ध झाला. तो गोल नव्हता, गठ्ठ्यागठ्ठ्यांचा, एका अंगाला झुकलेला होता. आणि चंद्रा दुर्बिणीने दाखवलेल्या लोखंडाशी तो जुळत नव्हता. ताऱ्याचा गाभा कोसळल्यावर आतलं द्रव्य उकळत्या आमटीसारखं खदखदतं आणि तोल जाऊन स्फोट होतो, असं सांगणाऱ्या गणितांना या नकाशाने बळ दिलं.

इथे कुणीतरी विचारेलच: आपल्याकडचं काय? सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) बनवलेली एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण आहे. खरं सांगायचं तर चौकोनांचा वरचा खेळ तिच्यावर जमणार नाही. तिची प्रतिमा काही कलांपर्यंत पसरते आणि कॅसिओपिया पाच कलांचा, म्हणजे अख्खा अवशेष एक गोळा दिसतो. त्या गोळ्याचा वर्णपट मात्र चांगला येतो. या धंद्यात सगळं एका यंत्रात मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या जपानच्या क्रिझम मोहिमेवरचं उपकरण फोटॉनची ऊर्जा ५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत अचूक मोजतं, सीसीडीपेक्षा वीस-पंचवीस पट बारीक. पण चित्राच्या बाबतीत तेही धूसरच, शिवाय त्याच्या झडपेचं दार उघडलं नाही म्हणून कमी ऊर्जेचे किरण आत पोचत नाहीत.

ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या उपकरणाने मात्र क्रॅब नेब्युला या दुसऱ्या सुपरनोव्हा अवशेषात वेगळीच कामगिरी केली. त्यात आरसे नाहीतच, भोकांची जाळी आहे. जाळीची सावली डिटेक्टरवर कुठे पडली यावरून दिशा काढतात. सावलीची ही युक्ती जुनी आहे. ७ जुलै १९६४ ला चंद्रबिंब क्रॅबवरून सरकत असताना अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अग्निबाण सोडला. क्ष-किरण दिवा विझल्यासारखे एकदम बंद झाले असते तर स्रोत ताऱ्यासारखा बिंदू होता. ते हळूहळू उतरत गेले, म्हणजे स्रोत पसरलेला होता. अग्निबाण वर होता तेवढ्या मोजक्या मिनिटांत हा निकाल लागला. सीझेडटीआयने याच क्रॅबच्या १०० केईव्हीच्या वरच्या किरणांचं ध्रुवण (लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते) मोजलं. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आला.

राहिला विश्वकिरणांचा प्रश्न. इथे 'हो' आणि 'नाही' दोन्ही म्हणावं लागतं.

इलेक्ट्रॉनांपुरतं हो. १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाने १००६ सालच्या सुपरनोव्हाच्या अवशेषात, दोन विरुद्ध कडांवर, वर उल्लेखलेला बोडका वर्णपट दाखवला. असे क्ष-किरण द्यायचे तर इलेक्ट्रॉन १०० टीईव्हीपर्यंत (१ टीईव्ही म्हणजे १०० कोटी केईव्ही) पोचलेला हवा. तंतू इतका बारीक का, याचंही उत्तर त्यातच आहे: चुंबकक्षेत्र जितकं जोरकस, तितक्या झटपट इलेक्ट्रॉन ऊर्जा उधळतो आणि तरंगापासून फार लांब जाण्याआधीच मंदावतो. तंतूची जाडी मोजा, क्षेत्राचा अंदाज मिळतो. तो आसपासच्या अवकाशातल्या क्षेत्रापेक्षा कितीतरी पट मोठा निघतो.

पण विश्वकिरणांत बहुतेक प्रोटॉन असतात, आणि प्रोटॉन असे चमकत नाहीत. त्यांना पकडायचं तर ते शेजारच्या वायूवर आदळण्याची वाट पाहायची. आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात, आणि १३५ एमईव्हीचा (१ एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) उदासीन पायॉन फुटून दोन गॅमा किरण, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचे फोटॉन, निघतात. त्यामुळे गॅमा वर्णपट २०० एमईव्हीच्या खाली एकदम उतरतो. इलेक्ट्रॉनांच्या गॅमा किरणांत अशी उतरण नसते. ही उतरण फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीच्या गटाने आयसी ४४३ आणि डब्ल्यू४४ मध्ये दाखवली, २०१३ मध्ये. दोन्ही अवशेष दाट ढगांना भिडलेले आहेत, म्हणून तिथे जमलं. तेव्हा, अवशेषात प्रोटॉन वेग घेतात हे नक्की.

किती वेग घेतात, इथे घोडं अडलंय. पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांचा आलेख ३ हजार टीईव्हीच्या आसपास गुडघ्यासारखा वाकतो. तिथपर्यंतचे कण आपल्या आकाशगंगेतले सुपरनोव्हा अवशेष पुरवतात, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. ते तपासायला टीईव्हीचे गॅमा किरण हवेत, आणि तिथे उपग्रह पुरा पडत नाही. फोटॉन फार विरळ. मग पृथ्वीचं वातावरणच डिटेक्टर म्हणून वापरतात. गॅमा किरण हवेत शिरला की कणांचा झोत उठतो आणि काही नॅनोसेकंदांची निळसर चमक खाली येते. लडाखमध्ये हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राची (बीएआरसी) २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण हीच चमक टिपायला उभी आहे. कॅसिओपियाची पहिली टीईव्ही नोंद ला पाल्मा बेटावरच्या हेग्रा दुर्बिणींनी घेतली, २३२ तास पाहून, २००१ मध्ये. त्याच बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी २०१७ मध्ये पुढची बातमी दिली: कॅसिओपियाचा वर्णपट साडेतीन टीईव्हीच्या आसपासच खचतो. म्हणजे प्रोटॉन गुडघ्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. इतका तरुण, इतका जोरकस अवशेष, आणि तरी नाही. चीनमधल्या लासो वेधशाळेला २०२१ मध्ये क्रॅबकडून १.१ पीईव्हीचा (१ पीईव्ही म्हणजे हजार टीईव्ही) फोटॉन मिळाला खरा, पण तिथे इंजिन आहे ते मधलं पल्सार, म्हणजे भरवेगाने गरगरणारा न्यूट्रॉन तारा, आणि तो फोटॉन इलेक्ट्रॉनचाही असू शकतो. माझं मत विचाराल तर स्फोटानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच प्रोटॉन शिखर गाठून निसटत असावेत, आपण उशिरा पोचतो. हे मत आहे, मोजमाप नव्हे.

आता लॅपटॉपचं. ८ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप चालेल, लिनक्स असेल तर उत्तम. तीन चौकोनांचा खेळ जमला की आणखी एक गंमत करून बघा. २००० सालचं ११४ क्रमांकाचं निरीक्षण आहेच. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी त्याच सीसीडीवर घेतलेलं एखादं उतरवून घ्या. दोन्हींतून फक्त ४ ते ६ केईव्हीचे फोटॉन निवडा, म्हणजे मूलद्रव्यांचे सुळके बाजूला पडून तंतू उठून दिसतील. मग डीएस-९ मध्ये दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून आलटून पालटून दाखवायला सांगा. जुळवताना मधला तो बारीक ठिपका धरा. एवढ्या वर्षांत तो एक खणभरही हललेला नसतो. आघाततरंग मात्र सेकंदाला सुमारे ५ हजार किलोमीटरने पळतोय. ११ हजार प्रकाशवर्षांवरून ते दरवर्षी ०.३ विकला दिसतं, आणि चंद्रा दुर्बिणीचा एक खण जवळपास अर्ध्या विकलेचा आहे. दहा वर्षांत सहा खण. नजर कडेवर ठेवा, तंतू बाहेर सरकलेला तुमच्याच पडद्यावर दिसेल.